बिचारा स्मिदर्स? बिचारा कशाला!

भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. जेवणं झाली, ओवाळणी झाली, आणि मोठी माणसं डुलक्या काढायला लागल्यावर मी आणि भाचा नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर बसलो. आमचं दोघांचं एक जुनं व्यसन आहे, 'द सिम्प्सन्स'. तो शाळेत होता तेव्हापासूनचं. तेव्हा निम्मे विनोद त्याला कळायचे नाहीत आणि उरलेले निम्मे मला. :)

त्या रात्री आम्ही 'मिस्टर बर्न्सला गोळी कोणी घातली?' हे दोन भागांचं प्रकरण पुन्हा एकदा पाहिलं. संपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मला ना यात सगळ्यात जास्त वाईट स्मिदर्सचं वाटतं. बिचारा! त्याला कळतं सगळं, पण तो करणार काय?"

एरवी मी "हो ना" म्हणून झोपायला गेलो असतो. पण जेवताना तो जे बोलला होता ते डोक्यातून जात नव्हतं, आणि त्यात हा 'बिचारा'. त्या रात्री मी काही बोललो नाही. सणाचा दिवस, ताईचं घर. पण गेले तीन आठवडे मनातल्या मनात त्याच्याशी भांडतोय, तेव्हा आता इथेच भांडून मोकळा होतो. (ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही, म्हणजे आमच्या बहुतेक सगळ्या मावश्या, त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द सिम्प्सन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका. १९८९ च्या डिसेंबरात अर्ध्या तासाच्या रूपात सुरू झाली. स्प्रिंगफील्ड नावाचं गाव, तिथे एक अणुवीज प्रकल्प, आणि त्याचा मालक मिस्टर बर्न्स. म्हातारा, हाडकुळा, कंजूष, आणि आतून-बाहेरून दुष्ट. ऑफिसात खाली चोरदरवाजा, बंगल्यावर पाळलेले कुत्रे, कोणी आलं की सोडा अंगावर! आमचा नायक होमर या प्रकल्पात सेक्टर ७-जी मध्ये काम करतो (म्हणजे झोपतो).

आणि या बर्न्सच्या उजव्या खांद्यामागे कायम उभा असतो तो वेलन स्मिदर्स. चष्मा, बो टाय, हातात कागद. साहेबांचा कोट धरणारा, साहेबांची सही घेणारा, साहेब पडले तर झेलणारा. स्मिदर्सला चांगलं-वाईट कळतं. तो अधूनमधून "पण सर..." म्हणतो. आणि त्या "पण सर"वरच जगभरातले लोक फिदा आहेत. खलनायक काय, सरळ वाईट असतो. पण त्याच्या शेजारी उभा असलेला, मनातून कुढणारा माणूस आपल्याला आवडतो, कारण तो आपल्यासारखा वाटतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. त्याच्या मनात चाललेल्या घालमेलीचे गुण त्याला देऊ नका. घालमेल हा त्याच्या बाजूचा पुरावा नाही. उलट ती घालमेलच बर्न्सच्या सगळ्यात जास्त उपयोगाची आहे.

आता मुद्द्यावर येतो, आणि मुद्दा त्याच दोन भागांतला घेतो, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको. पहिला भाग मे १९९५ चा, दुसरा सप्टेंबर १९९५ चा. गावातल्या शाळेच्या आवारात तेल सापडतं. शाळा एका रात्रीत श्रीमंत. बर्न्सच्या पोटात दुखायला लागतं आणि तो तिरकी विहीर खणून ते तेल आपल्याकडे खेचून घेतो. परिणाम काय होतात? शाळेतला माळी विली आणि नवे संगीतशिक्षक टीटो पुएन्ते यांची नोकरी जाते. वृद्धाश्रम खचतो आणि होमरचे वडील बेघर होतात. मो नावाच्या माणसाचा बार बंद पडतो. बार्टचा कुत्रा जखमी होतो. एका गावाचं वाटोळं करायला आणखी काय लागतं हो?

या सगळ्यात स्मिदर्स कुठे असतो? साहेबांच्या शेजारी.

मग बर्न्सला पुढची कल्पना सुचते. सूर्य हा आपला धंद्यातला प्रतिस्पर्धी, फुकट उजेड आणि ऊब वाटत बसतो, तेव्हा गावावर एक अवाढव्य झाकण लावून सूर्यच अडवायचा. म्हणजे लोक चोवीस तास वीज जाळतील. इथे स्मिदर्स पहिल्यांदा ठाम नाही म्हणतो. आणि काय म्हणतो ते नीट ऐका. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की साहेब, रोजच्या साध्या दुष्टपणाची हद्द ओलांडून तुम्ही आता कार्टूनमधल्या महाखलनायकाच्या पंगतीत जाऊन बसलात.

विनोद म्हणून वाक्य झकास आहे. आम्ही दोघेही दर वेळी हसतो. पण हसून झाल्यावर जरा थांबा. 'रोजचा साधा दुष्टपणा' म्हणजे काय? म्हणजे विलीची नोकरी, वृद्धाश्रम, ती शाळा. ते सगळं त्याच्या हिशोबात हद्दीच्या आतलं! सूर्य झाकणं तेवढं बाहेरचं. म्हणजे स्मिदर्सला सदसद्विवेकबुद्धी आहे, मान्य. पण त्या बुद्धीने कुंपण घातलंय ते इतकं लांब, की त्याच्या आत आख्खं गाव उद्ध्वस्त होऊन जातं आणि हिचं काम सुरूच होत नाही.

बरं, नाही म्हटल्यावर त्याचं काय होतं? बर्न्स त्याला तिथल्या तिथे काढून टाकतो. मग हा दारू पितो, रडतो, आणि नशेत कोणावर तरी गोळी झाडतो. आपणच साहेबांना मारलं असं वाटून कबुली द्यायलाही जातो. प्रत्यक्षात गोळी लागलेली असते ती जॅस्पर नावाच्या म्हाताऱ्याच्या लाकडी पायाला. आणि बर्न्सला गोळी लागते ती सिम्प्सनांच्या तान्ह्या मॅगीशी झालेल्या झटापटीत. आणि मग? मग स्वारी पुन्हा साहेबांच्या खांद्यामागे. कोट धरायला.

भाच्याचा पहिला मुद्दा: "अरे, पण त्याचं प्रेम आहे बर्न्सवर!"

आहे. इथे मी कान पकडतो. सुरुवातीची अनेक वर्षं मालिकेने या प्रेमाची नुसती टिंगल केली, आणि मीही त्या टिंगलीला हसलो, ते काही बरं नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये 'द बर्न्स केज' नावाचा भाग आला, त्यात हे प्रेम पहिल्यांदा सरळपणे मांडलं गेलं. तो भाग रॉब लाझेब्निक या लेखकाने स्वतःच्या समलिंगी मुलासाठी लिहिला. एका बापाने ही गोष्ट कार्टूनमधून सांगावी, मला फार आवडलं ते. तेव्हा स्मिदर्सच्या प्रेमाविषयी माझी काहीही तक्रार नाही. पुरुषावर प्रेम करतो म्हणून तर मुळीच नाही. पण प्रेम हे कारण झालं, ती माफी नव्हे. प्रेम कोणावर करावं हे आपल्या हातात नसेल, पण त्याच्यासाठी दुसऱ्यांच्या घरावर नांगर फिरवायला मदत करावी की नाही, हे असतं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो फक्त कार्टूनमध्ये राहत नाही. "स्मिदर्स आहे म्हणून निदान थोडं तरी बरं चाललंय. तो नसता तर बर्न्सने काय केलं असतं!"

याचं उत्तर मालिकेनेच दिलेलं आहे. फेब्रुवारी १९९६ मधला 'होमर द स्मिदर्स' हा भाग बघा. स्मिदर्स सुट्टीवर जातो. जाताना आपल्या जागी बदली माणूस निवडायचा असतो, तर हा मुद्दाम होमरला निवडतो. का? तर होमर इतका ढ आहे की तो आपल्यापेक्षा सरस ठरणं शक्यच नाही. (ऑफिसात काम केलेल्या प्रत्येकाला ही खोड ओळखीची वाटेल.) होमर काही दिवस शिव्या खातो आणि मग एकदा वैतागून साहेबांना ठोसा लगावतो. पुढे कमाल होते. घाबरलेला बर्न्स एकटा पडतो आणि स्वतः फोन घ्यायला शिकतो, स्वतः कॉफी करायला शिकतो, स्वतः गाडी चालवत कामावर येतो. म्हातारा खुशीत! आणि परत आलेल्या स्मिदर्सला म्हणतो, तुझी आता गरज नाही.

स्मिदर्सला आनंद व्हायला हवा होता ना? ज्याच्यावर प्रेम आहे तो माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला. पण नाही. हा हादरतो. बर्न्सच्या शंभरी ओलांडलेल्या आईच्या फोनचा घोळ घालून स्वतःची गरज पुन्हा निर्माण करायचा बेत करतो. त्यातून होमरशी मारामारी होते, त्या धुमश्चक्रीत बर्न्स खिडकीतून खाली पडतो, अंथरुणाला खिळतो, आणि सगळं पूर्ववत होतं. साहेब परावलंबी, स्मिदर्स सेवेला हजर, दोघेही सुखी.

सांगा आता, कोण कोणाला आवरतंय? स्मिदर्स बर्न्सचा ब्रेक नाहीच, तो त्याचे हातपाय आहे. चोरदरवाजाचं बटण असो की संपाच्या वेळी गावाची वीज तोडणं असो (मार्च १९९३ चा तो गाजलेला संपाचा भाग आठवा, कामगारांची दातांच्या इलाजाची सोय काढून घ्यायची होती), तळघरापर्यंत साहेबांच्या बरोबरीने चालत जाणारा हाच. आणि अजून एक गंमत. जवळजवळ सुरुवातीपासून बर्न्स आणि स्मिदर्स या दोघांचा आवाज एकाच नटाचा आहे, हॅरी शिअररचा. एकच गळा आधी हुकूम सोडतो आणि मग "पण सर..." म्हणतो. योगायोग असेल, पण मला यापेक्षा नेमकं चित्र सुचत नाही.

तिसरा मुद्दा भाच्याचा नव्हे, आपल्या सगळ्यांचा. ज्याचं खावं मीठ त्याचं करावं नीट. लहानपणापासून ऐकलंय. पण मीठ कोणाचं, हे कोणी विचारत नाही. स्मिदर्सचा पगार बर्न्सच्या खिशातून येतो असं आपण धरून चालतो. तो येतो त्या प्रकल्पातून, जिथे होमर, लेनी आणि कार्ल राबतात (बरं, होमर झोपतो). बर्न्सला होमरचं नाव कधीच आठवत नाही, दर वेळी स्मिदर्स त्याच्या कानात सांगतो, आणि सांगताना तुमच्या सेक्टर ७-जी मधला एक फालतू जीव असं काहीतरी पुस्ती जोडतो. म्हणजे नाव ह्याला माहीत असतं! न आठवणाऱ्यापेक्षा, नाव माहीत असून असं बोलणाऱ्याचा मला जास्त राग येतो.

आपली भाषासुद्धा या बाबतीत साहेबाच्याच बाजूची आहे. कौरवांच्या सभेत द्रौपदीच्या बाजूने विकर्ण एकटा उभा राहून बोलला. चांगलंच केलं. पण युद्ध लागल्यावर तो दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला, आणि आपण आजही त्याच्यासाठी हळहळतो. बिभीषण खरोखर बाजू सोडून गेला, तर त्याचं नाव आपण घरभेद्यासाठी राखून ठेवलं. राहिला त्याला सहानुभूती, निघाला त्याला शिवी. असो.

आता तुम्ही म्हणाल, कार्टून आहे बाबा, इतकं काय मनावर घेतोस?

तर आता जेवतानाची गोष्ट सांगतो. भाचा एका कंपनीत एचआरमध्ये आहे. सप्टेंबरात तिथे बरीच माणसं कमी केली. त्यातल्या १९ जणांना व्हिडिओ कॉलवर सांगायचं काम याच्याकडे आलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता. "दोन रात्री झोप नाही मामा. पण मी निदान माणुसकीने सांगितलं. दुसऱ्या कोणी कोरडेपणाने सांगितलं असतं." ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. भावोजी म्हणाले, हळवा आहे फार. मीही मान डोलावली.

आणि मला २००२ साल आठवलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात साहेबांचा पीए होतो. स्टेनो म्हणून लागलो आणि साहेबांचा उजवा हात झालो. त्या वर्षी कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. नावात 'स्वेच्छा', बाकी तुम्ही समजा. यादी मी टाइप केली. माणसांना एकेक करून केबिनबाहेरच्या माझ्या टेबलाशी बोलावलं जायचं, आणि फॉर्म मी पुढे करायचो. मला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. प्रत्येकाला खुर्ची द्यायचो. चहा सांगायचो, स्वतःच्या पैशाने. घरची चौकशी करायचो. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची आई आजारी, मला सगळं माहीत होतं. आणि मला हेही माहीत होतं की फॉर्मवर त्याच दिवशी सही करायची काही सक्ती नव्हती. महिनाभराची मुदत होती. घरी नेऊन, चार जाणत्यांना दाखवून ठरवता आलं असतं. साहेबांना मात्र सह्या त्या आठवड्यात हव्या होत्या. मी मुदतीबद्दल बोललो नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रात्री झोप लागायची नाही. बायकोला सांगायचो, ती म्हणायची, तुम्ही फार मनाला लावून घेता. मला ते ऐकून बरं वाटायचं. माझी झोप उडाली म्हणजे मी चांगला माणूस, असा तो हिशोब होता.

सात-आठ वर्षांनी त्यातले एक गृहस्थ बाजारात भेटले. मशीन शॉपमध्ये होते, मिळालेले पैसे मेव्हण्याच्या धंद्यात घातले आणि ते बुडाले. चहा घेतला आम्ही. मी धीर करून म्हटलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं हो. ते हसले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. म्हणाले, "ते कळत होतं ना भाऊ. साहेबांनी फॉर्म दिला असता तर आम्ही युनियनकडे गेलो असतो. तुम्ही दिला म्हणून सही केली."

या एका वाक्यावर मी गेली पंधरा-सोळा वर्षं अडकलोय. माझी माणुसकी, माझा चहा, माझा पडलेला चेहरा, हे सगळं त्या योजनेचाच भाग होतं. साहेबांनी मला ठेवलं होतं ते टायपिंगसाठी नव्हेच. लोकांचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो साहेबांना लागत होता. मी निबर असतो तर त्या माणसांनी दोनदा विचार केला असता.

म्हणून मला 'बिचारा स्मिदर्स' सहन होत नाही. मला माहीत आहे तो बिचारा कोण आहे. मी त्याच्या खुर्चीत बसलोय, आणि ती खुर्ची फार मऊ असते.

भाच्याला मी नोकरी सोड म्हणणार नाही. हप्ते आहेत, लहान मूल आहे, आणि मी स्वतः सोडली नव्हती तेव्हा मला तो अधिकारही नाही. शूरपणा दुसऱ्याला सांगायला सोपा असतो. स्मिदर्सनेही बर्न्सला गोळी घालायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. त्याने गावात जाऊन एवढंच सांगायला हवं होतं, की तेल तिरक्या विहिरीने ओढलं जातंय, हे बघा कागद.

मला २००२ मध्ये एकच वाक्य बोलायचं होतं. "आज सही करू नका, घरी नेऊन वाचा." एवढंच. फार तर साहेब ओरडले असते, फार तर दुसऱ्या खात्यात टाकलं असतं. नोकरीसुद्धा गेली नसती बहुधा. माझ्या झोपेपेक्षा त्या वाक्याचा लोकांना जास्त उपयोग झाला असता.

तेव्हा बाळा, पुढच्या वेळी (आणि पुढची वेळ येणार, कंपन्यांना सवय लागते) आवाज कापला नाही तरी चालेल. त्या माणसाला कॉलवर त्याचे हक्क काय ते सांग. नोटिशीचे पैसे किती, कोणत्या कागदावर लगेच सही करायची गरज नाही, निर्णय कोणी घेतला त्याचं नाव काय. आणि त्यातलं काही सांगायला तुला मनाई केली, तर तुझा माणुसकीचा आवाज त्यांना उसना देऊ नकोस. म्हणावं, साहेब, हे तुम्हीच सांगा. त्यांना सांगू दे कोरडेपणाने. ऐकणाऱ्याला निदान कळेल की आपल्याशी कोण बोलतंय.

आणि घरी येऊन झोप लागली नाही, तर ते आम्हाला सांग जरूर. फक्त आम्ही पाठीवरून हात फिरवला, तर त्याला प्रमाणपत्र समजू नकोस. माझ्याकडे तसली बरीच आहेत, काही उपयोग होत नाही.

ता.क. : ताई, फोन कर आता. रागावलीस तरी चालेल. आणि चकल्यांचा डबा मी विसरलोय तुझ्याकडे, तो याच्याबरोबर पाठव. :)